कुठेही न जाणारी गाडी

तोंडाला साबण फासलेला असताना नळ जाणे हा एक खास प्रकारचा अपमान आहे, आणि दोरगाडी पुन्हा सुरू झाल्यापासून तो माझ्या वाट्याला रोज सकाळी येऊ लागला. नळ आधी खोकतो, मग एक थेंब टाकतो, मग गप्प बसतो. मी डोळे मिटून, हात पसरून मोरीत उभा. बाहेरून बायको ओरडते, "गाडी निघाली वाटतं!" जणू ही बातमी माझ्यापर्यंत पोचायची राहिली आहे.

आता पाण्याचा आणि गाडीचा संबंध काय, हे सांगायला हवे. डोंगरावर आमची वरची वस्ती आणि पायथ्याशी खालचे गाव. मधल्या उभ्या चढावर रूळ, रुळांवर दोन डबे आणि दोन्ही डब्यांना बांधणारा एकच दोर, तो वरच्या स्टेशनातल्या भल्यामोठ्या चाकावरून घेतलेला. इंजिन नाही, वीज नाही. वर असलेल्या डब्याच्या पोटातली टाकी पाण्याने भरायची. डबा जड झाला की खाली निघतो आणि त्याच दोराने खालचा डबा वर ओढला जातो. मध्यावर रूळ दुभंगतात, तिथे दोन्ही डबे एकमेकांना जवळजवळ खेटून जातात. खाली पोचले की टाकीतले पाणी सोडून द्यायचे. हे पाणी कुठले? आमचे. आमच्याच वस्तीच्या टाकीतले.

मी पाणीपुरवठा खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. त्यामुळे नळ गेला की शेजारी गाडीला शिव्या देत नाहीत, मला देतात.

तरी गाडी सुरू होणार हे कळले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आमच्याच घरात झाला होता. कारण आई. आई वर आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, खाली. पूर्वी दोघी दिवसाआड एकमेकींकडे असायच्या. मग गाडी मोडकळीला आली, बंद पडली आणि त्याच सुमारास दोघींचे गुडघेही बंद पडले. आमच्या गल्लीत वाहन येत नाही. खाली जायला नुसत्या पायऱ्या, त्याही धडधाकट माणसाला घाम फोडणाऱ्या. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींचे तोंड पाहिलेले नव्हते. फोन मात्र रोज. फोनवर विषय एकच, छत्री. गाडीच्या शेवटच्या फेरीला आई आपली छत्री मावशीकडे विसरली, असे आईचे म्हणणे. छत्री मुळात आणलीच नव्हतीस, असे मावशीचे म्हणणे. काळी, वाकड्या मुठीची छत्री. एवढे वाद तर आमच्या खात्यात मीटरवरूनही होत नाहीत.

आणि आता मावशीचा मुलगा तिला कायमचे आपल्याकडे, दूरच्या शहरात, घेऊन जाणार होता. दिवस ठरला होता. आईने ते ऐकले, फोन ठेवला आणि मला म्हणाली, "एकदा मला खाली ने. तोंडावर भांडून घेऊ दे. मग जाऊ दे तिला कुठं जायचंय तिथं."

एवढेच काम. आईला गाडीत बसवायचे, खाली उतरवायचे, संध्याकाळी परत आणायचे. मी रजेचा अर्जसुद्धा अर्ध्याच दिवसाचा टाकला.

वरच्या स्टेशनाला नवा रंग, पितळेच्या नव्या मुठी आणि फाटकाला नवे कुलूप होते. कुलपामागे एक तरतरीत तरुण उभा होता. तो कंपनीचा व्यवस्थापक. प्रत्येक वाक्यात 'वारसा' हा शब्द आणायची त्याला सवय होती, म्हणून गल्लीने त्याचे नाव वारसासाहेब ठेवले होते.

"आईला खाली जायचं आहे," मी म्हणालो.

"सर, ही गाडी कुठे जाण्यासाठी नाही."

मला वाटले, माझ्या कानात साबण राहिला आहे. "मग कशासाठी आहे?"

"अनुभवासाठी. पर्यटक खाली बसतात, वर येतात, इथे कठड्याच्या आतून देखावा बघतात आणि पुन्हा खाली जातात. हे फाटक उघडत नाही. इथे चढायचं नाही, इथे उतरायचं नाही."

"म्हणजे खाली चढायचं आणि खालीच उतरायचं?"

"अगदी बरोबर!" मला इतक्या लवकर समजल्याचा त्याला आनंद झाला.

"मग माझ्या आईने खाली जायला काय करायचं?"

"खाली येऊन तिकीट काढायचं."

"ती खाली आली तर तिला गाडी कशाला हवी?"

"अनुभव, सर," तो मायेने म्हणाला. मी मूळचा शांत माणूस आहे. बायकोला विचारू नका, पण आहे. त्या क्षणी मात्र ते कुलूप मला चावून तोडावेसे वाटले.

मी कंपनीच्या मुख्य कचेरीला तक्रार पाठवली. उत्तर तत्परतेने आले. आमच्या वारशात रस दाखवल्याबद्दल आभार, आणि खाली सूर्योदयाचे चित्र.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ल्यांना ऊत आला. समोर राहणारे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, हा मूलभूत हक्काचा प्रश्न आहे, आपण निवेदन देऊ. त्यांनी निवेदन लिहायला घेतले. पहिल्या वाक्यात क्रियापद येईना. पुढचे तीन दिवस ते मला दिसतील तिथे थांबवून त्या वाक्याचा नवा पाठ म्हणून दाखवत होते. कोपऱ्यावरच्या शिंप्याचा स्वभाव कृतीचा. तो म्हणाला, "निवेदनं कसली देताय? आजींना खुर्चीत बसवू, खुर्चीला बांबू बांधू, चौघं मिळून उचलू. पायऱ्या गेल्या उडत."

आम्ही खुर्ची बांधली. शिंपी, औषधवाला, हेडमास्तर आणि मी. आई दारात आली, खुर्चीकडे पाहिले, बांबूंकडे पाहिले, आम्हा चौघांकडे पाहिले.

"चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं," ती म्हणाली. "मला अजून घाई नाही."

तरीही तिला हिंमत यावी म्हणून शिंपी स्वतः बसला आणि आम्ही तिघांनी उचलले. पहिल्याच वळणावर हेडमास्तरांना निवेदनाचे क्रियापद सुचले, ते सांगायला त्यांनी एक हात वर केला आणि शिंपी खुर्चीसकट औषधवाल्याच्या अंगावर आला. औषधवाल्याने स्वतःच्याच दुकानातला लेप स्वतःला लावला आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मी हात टेकले.

मग कंपनीची पाटी लागली. जुन्या काळचे प्रवासी म्हणून वावरायला स्थानिक मंडळी हवीत. पोशाख कंपनीचा. ही मंडळी वरच्या फलाटावर थांबणार आणि पर्यटकांबरोबर डब्यातून खाली-वर करणार. म्हणजे वरची माणसे गाडीत बसू शकत होती, फक्त त्यांनी वरची माणसे असल्याचे नाटक करायचे होते!

मी आईला घेऊन गेलो. वारसासाहेबाने तिला पाहिले आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आले. "अस्सल! आजी, तुम्ही काहीही करू नका, फक्त बसा."

"तेवढंच जमतं आता," आई म्हणाली.

"आणि मी तिच्याबरोबर राहीन," मी म्हणालो. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले. मला वाटले, जुन्या काळचा वकील, गेला बाजार शाळातपासनीस तरी देईल.

"सर, तुमच्या चेहऱ्यात वारसा जरा कमी आहे," तो म्हणाला. "पण हमाल चालेल."

लाल डगला, दंडावर पत्र्याचा बिल्ला, रिकामी ट्रंक आणि डिंकाने चिकटवायच्या मिशा. मी खात्यात इतकी वर्षे काढली आहेत, माझ्या सहीशिवाय एक तोटी बदलत नाही, आणि माझ्या हातात रिकामी ट्रंक! "शोभतंय तुला," आई म्हणाली. हे ती मनापासून म्हणाली, हेच जास्त लागले.

बायकोला मी यातले काही कळू दिले नाही. तिने मला मिशांत पाहिले असते तर उरलेला संसार मला त्या मिशांसकट करावा लागला असता. आईलाही मी बजावले होते की मावशीला फोनवर काही बोलू नकोस, एकदम दारात उभी राहा. बायकोही त्या दिवशी सकाळीच "खाली जरा काम आहे" म्हणून पायऱ्यांनी निघून गेली. मी मनात म्हटले, सुटलो.

एक गोष्ट मात्र मी चोख केली होती. आदल्या संध्याकाळी दारोदार फिरून बजावले होते की उद्याच्या पहिल्या फेरीला माझी आई गाडीत असणार, तेव्हा नळावरून माझ्या नावाने कोणी ओरडायचे नाही, सगळ्यांनी सकाळीच पाणी भरून ठेवायचे, आणि माझ्या बायकोला यातले अक्षर कळू द्यायचे नाही. आमच्या खात्याच्या सूचना माझ्या आठवणीत कधी कोणी पाळल्या नव्हत्या. या एका सूचनेचे गल्लीने अक्षरशः पालन केले. बादल्या, पिंपे, पातेली, शिंप्याने तर इस्त्रीवर शिंपडायचे तांबेसुद्धा भरले. सगळ्यांनी एकाच वेळी. त्याच वेळी स्टेशनात डब्याची टाकी भरत होती. कंपनीचा ब्रेकवाला टाकीत डोकावून बघायचा नाही, घड्याळ लावून भरायचा. वेळ झाली, त्याने नळ बंद केला, टाकी भरली असे समजले. अर्धीच भरली होती. हे कोणालाच ठाऊक नव्हते.

फलाटावर तोवर माझी हमाली जोरात होती. आदल्या रात्री वरच्या डब्यात मुक्कामाचा अनुभव घेतलेल्या पर्यटकांपैकी एका बाईने माझ्या हातात खरीखुरी बॅग दिली. "हळू, आत काच आहे." मी सांगायला गेलो की मी हमाल नाही. वारसासाहेब कानात पुटपुटला, "सर, भूमिकेत राहा." एका गृहस्थाने मला ट्रंक डोक्यावर घ्यायला लावून फोटो काढला, मग चेहऱ्यावर कष्ट दिसत नाहीत म्हणून पुन्हा काढला. खिडकीशी आई बसली होती. मांडीवर मावशीसाठी विणलेल्या पायमोज्यांचे पुडके. मावशीचे पाय गारठतात. तिच्या चेहऱ्यावर जे होते ते पाहून मी बिल्ला सरळ केला आणि ट्रंक पुन्हा उचलली.

घंटा झाली. डबा हलला, रेंगाळत, कुरकुरत. आईने डोळे मिटून घेतले. "असाच आवाज यायचा," ती म्हणाली. "पाणी कमी पडलं की असाच यायचा. मग ब्रेकवाला हाका मारायचा, जड माणसं कोण आहेत, वजनाला बसा. तुझी मावशी एवढीशी पोरगी असून पहिली हाक तिला. इतकी रडायची ना!"

मध्यावर आलो. रूळ दुभंगले. खालून येणारा डबा शेजारी आला, खिडकीला खिडकी भिडली, आणि दोन्ही डबे एक उसासा टाकून थांबले. ब्रेकवाल्याने दांडा ओढून पाहिला, सोडून पाहिला. काही नाही. तराजूची दोन्ही पारडी सारखी व्हावीत तसे झाले होते.

शेजारच्या डब्याच्या खिडकीत एक काळी छत्री होती. वाकड्या मुठीची.

"माझी छत्री!" आई किंचाळली.

इतक्या वर्षांनी समोर आल्यावरचे हे पहिले वाक्य. छत्रीमागून मावशीचे तोंड वर आले, आणि मावशीमागून माझ्या बायकोचे. तिचे 'खालचे काम' हे होते. मावशीला गाडीने वर आणायचे आणि फलाटाच्या गजांपलीकडे आईला उभी करून दोघींची भेट घडवायची, तुरुंगात घडवतात तशी. आईला गजांपाशी आणायला तिने शिंप्याला सांगून ठेवले होते, आणि शिंप्याने आम्हा दोघांचीही गुपिते इमानाने पाळली होती. मला का सांगितले नाही? तर मी उगाच तक्रार अर्ज करत बसेन म्हणून. वरचा डबा निघतो त्याच क्षणी खालचा निघतो, हे इथल्या तान्ह्या पोराला ठाऊक असते. एकीने वरून आणि एकीने खालून एकाच फेरीला निघायचे, ही चूक फक्त आमच्या घरात होऊ शकते.

"तू कुठं निघालीस?" मावशी ओरडली.

"तुझ्याकडे! तू कुठं निघालीस?"

"तुझ्याकडेच की! घरी थांबता येत नाही का तुला?"

"छत्री नव्हती ना तुझ्याकडे?"

"सामान बांधताना सापडली. कपाटामागं पडली होती."

"इतकी वर्षं खोटं बोललीस!"

"खोटं नाही, कपाट जड होतं!"

बायको माझ्याकडे टक लावून पाहत होती. आधी डगल्याकडे, मग बिल्ल्याकडे, मग मिशांकडे. एव्हाना घामाने मिशांची एक बाजू सुटली होती. शेवटी ओढणी तोंडात कोंबून ती खिडकीखाली बसली आणि तिचे खांदे हलत राहिले. लग्नानंतर इतका अपमान मला आठवत नाही.

वरून कर्णा ओरडू लागला. वारसासाहेबाचा आवाज. "कृपया कोणीही जागा सोडू नये! हा अनुभवाचा भाग आहे!" पर्यटक चुळबुळ करू लागले. काचवाल्या बाईने मला विचारले, "हमाल, किती वेळ लागेल?" मला काय माहीत?

आईला माहीत होते. "त्या डब्यातलं जड माणूस या डब्यात घ्या," ती म्हणाली. "तिकडचं वजन कमी होईल, इकडचं वाढेल. गाडी सुटेल."

दोन्ही डब्यांतल्या सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकाच दिशेला वळल्या.

"जड कुणाला म्हणतेस?" मावशी म्हणाली.

"तुला. ये इकडं. वजनाला बस."

मला वाटले, आता संपले. बालपणापासूनचा सल तो. पण मावशी उठली, छत्री काखोटीला मारली, डब्याच्या दारात आली आणि करड्या आवाजात म्हणाली, "हमाल! धर मला."

दोन दारांमध्ये हातभर अंतर आणि खाली खडी. मी ट्रंक आडवी टाकली. त्या ट्रंकेचा तेवढा एकच उपयोग झाला. पलीकडच्या डब्यातल्या ब्रेकवाल्याने आधार दिला, मी अलीकडून ओढले. मावशी माझ्या गळ्यात पडली, माझी पाठ कडकन वाजली, उरलेली मिशी तिच्या खांद्याला चिकटली. "अगबाई, तू होय!" ती म्हणाली. "बारीक झालास." कर्णा ओरडत होता की जागा सोडू नका. मावशी आईशेजारी धपकन बसली, आणि डबा हलला. अगदी अलगद, खाली.

आईने मावशीचा हात धरला होता आणि दोघी समोर बघत होत्या. छत्री दोघींच्या मध्ये उभी. मला रडू येत होते, ते मी पाठीच्या दुखण्यावर ढकलले.

खाली पर्यटक उतरले. या दोघी बसून राहिल्या. वारसासाहेब पायऱ्या उतरून धापा टाकत आला. "आजी, उतरा, फेरी संपली."

"उतरून कुठं जायचं?" आईने विचारले.

"म्हणजे... तुम्हाला बहिणीकडे जायचं होतं ना?"

"ही काय बहीण." आईने पुडके सोडून पायमोजे मावशीच्या मांडीवर ठेवले. "आणि तूच म्हणालास ना, ही गाडी कुठं जायला नाही म्हणून? आम्हालाही कुठं जायचं नाही. चालू दे तुझा अनुभव."

त्याचा तेव्हाचा चेहरा पाहायला मी आणखी चार ट्रंका उचलल्या असत्या. शिवाय तोवर अर्ध्या पर्यटकांनी दोघींचे फोटो काढले होते आणि तो मनातल्या मनात नवी पाटी रंगवू लागला होता.

मावशी जाईपर्यंत दोघी रोज गाडीत बसल्या. आई वरून निघायची, मावशी खाली तिच्या डब्यात चढायची आणि गाडी थांबेपर्यंत दोघी खाली-वर, खाली-वर. भांडण अखंड. ज्येष्ठ कलाकारांसोबत जबाबदार व्यक्ती हवी, असा कंपनीचा नियम निघाला, तेव्हा अर्ध्या दिवसाची माझी रजा आठवड्याची झाली आणि मिशा नव्याने चिकटवल्या गेल्या. गल्लीचे नळ रोज जात होते. त्या आठवड्यात मला कोणी शिवी दिली नाही. हेडमास्तरांचे निवेदन पूर्ण झाले, पण ते कोणाला द्यायचे हेच त्यांना आठवेना.

शेवटच्या दिवशी खालच्या फलाटावर मावशी उतरली आणि छत्री आईच्या हातात द्यायला लागली.

"राहू दे तुझ्याकडंच," आई म्हणाली. "पण माझी आहे, लक्षात ठेव."

डबा वर निघाला. मावशी लहान होत गेली. आईने एकदाही मागे पाहिले नाही, आणि घरी येऊन जेवली नाही.

आता रोज सकाळी मी साबण लावतो तेव्हा मावशीचा फोन आलेला असतो. आई मोरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसते. "छत्री नीट आहे का माझी?" पासून सुरुवात होते. मग नळ खोकतो. आई बोलता बोलता थांबते आणि फोन आत, माझ्या कोपराखालून, नळापाशी धरते. एक थेंब पडतो. मग काही नाही.

"ऐकलंस? निघाली."

"पोचली की सांग," फोनमधून मावशी म्हणते.

वस्तीची टाकी पुन्हा भरेपर्यंत गाडी खाली पोचते, तेव्हा कुठे आमच्या नळाला पुन्हा धार येते. तोवर दोघी गप्प असतात. पूर्ण एक फेरी, फोन कानाला लावून, एकमेकींशेजारी बसल्यासारख्या. बायको आता बाहेरून ओरडत नाही. आणि मी, डोळे मिटून, तोंडाला साबण तसाच ठेवून, मोरीत उभा राहतो.